घरच्या बैठकीसाठी ऑडिओ इंटरफेस घ्यावा की छोटा मिक्सर?

काळी चार

नमस्कार मंडळी. मी कोथरूडला राहते, शास्त्रीय गायन शिकवते. घरी मुली शिकायला येतात, आणि सकाळी अमेरिकेतल्या शिष्यांचे ऑनलाइन वर्ग असतात. आतापर्यंत लॅपटॉपच्या माइकवर भागवलं, पण आता नीट व्यवस्था करायची आहे. कामं तीन आहेत. ऑनलाइन वर्गात माझा आवाज, पेटी आणि इलेक्ट्रॉनिक तंबोरा समोरच्याला स्वच्छ ऐकू जायला हवा. घरी अधूनमधून बैठक होते, तिचं ध्वनिमुद्रण मुलींना पुन्हा पुन्हा ऐकता येईल इतकं चांगलं हवं. त्यात गाणं, तबला आणि पेटी. आणि रोजचा रियाज मला स्वतःला तपासायला हवा असतो.

माझ्याकडे शुअरचा एसएम५८ आहे आणि विंडोजचा लॅपटॉप. बाकीचे माइक टप्प्याटप्प्याने घेईन. ते सोडून ३० हजारांपर्यंत खर्च करू शकते. एका दुकानदाराने मिक्सर (अनेक माइकचे आवाज एकत्र करणारा डबा) सुचवला: "यूएसबीही आहे, सगळं त्यातच येतं." शिष्येचा भाऊ म्हणतो ऑडिओ इंटरफेसच (माइकचा आवाज यूएसबीने कॉम्प्युटरमध्ये नेणारा डबा) घ्या. दोघांनीही कारण सांगितलं नाही. मला कारण समजून घ्यायचं आहे.

फेडरवाला

ताई, मी चिंचवडला छोट्या कार्यक्रमांचा साउंड बघतो. माझं मत मिक्सरच्या बाजूने. मिक्सर लावला की काम सुरू. लॅपटॉप बंद पडला तरी बैठक चालू राहते, स्पीकर जोडता येतो, तबला वर आला तर हाताखालचा फेडर, म्हणजे पातळीची सरकती कळ, खाली ओढायचा. प्रत्येक चॅनेलला लो कट (अगदी खालचे आवाज कापणारी कळ) आणि इक्यू (जाड-बारीक आवाज कमीजास्त करायची सोय) असतो, आणि गाणाऱ्याला कानात थोडा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, मिळाला की गळा मोकळा होतो. इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरमध्ये (माइकमधून थेट हेडफोनमध्ये) स्वतःचा आवाज अगदी कोरडा ऐकू येतो, पुष्कळ गायकांना त्यात गाताच येत नाही.

यामाहाचा एमजी१०एक्सयू बघा. माइकचे ४ चॅनेल, आत इफेक्ट्स, यूएसबीवर २४ बिटपर्यंत रेकॉर्डिंग. माइक दोनच लागणार असतील तर साउंडक्राफ्टचा नोटपॅड ८एफएक्स.

मंद्रसप्तक

फेडरवाला यांचं लाइव्हबद्दलचं म्हणणं अगदी बरोबर आहे. पण ताईंना मुद्रण हवं आहे, आणि तिथे एकच प्रश्न विचारून खरेदी करावी: यूएसबीच्या तारेतून कॉम्प्युटरपर्यंत किती वेगवेगळे आवाज पोहोचतात?

एमजी१०एक्सयूला माइक चार जोडता येतात, पण कॉम्प्युटरकडे जातात ते फक्त दोन ट्रॅक, डावा आणि उजवा. म्हणजे चारही आवाज मिक्सरमध्येच एकत्र होऊन पुढे जातात. बहुतेक छोट्या यूएसबी मिक्सरचं असंच आहे. आता बैठकीत काय होतं ते पाहा. विलंबितात तबला मंद असतो, तेव्हा तुम्ही फेडर एका जागी ठेवला. पाऊण तासाने द्रुत सुरू झालं, तबलजी मोकळे झाले, आणि तानेच्या मध्यावर तबला गाण्याच्या वर आला. गात असताना तुम्ही फेडरला हात लावणार नाही, दुसरं कुणी शेजारी बसलेलं नाही. रेकॉर्डिंग झाल्यावर त्या मिश्रणातून तबला खाली घेता येत नाही. आवाज वेगळे करणारी सॉफ्टवेअर आली आहेत, पण पेटी आणि गळा एकाच सुरात चालतात, तिथे ती गोंधळतात आणि आवाजाचा पोत बिघडतो.

चार ट्रॅक वेगळे असतील तर तोच तबला दुसऱ्या दिवशी शांतपणे बसून हवा तेवढा खाली घेता येतो. पेटीने एखादी जागा झाकली असेल तर तेवढ्यापुरती पेटी मागे नेता येते. तुमच्या मुली जे ऐकून शिकणार आहेत त्यात तुमची मुरकी स्पष्ट असलीच पाहिजे, म्हणून मी या मुद्द्यावर आग्रही आहे.

दुसरी गोष्ट, नावातल्या आकड्यांवर जाऊ नका. फोकसराइटच्या स्कार्लेट ४आय४ला चार इनपुट आहेत, पण माइकचे त्यातले दोनच. उरलेले दोन लाइन इनपुट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यासारख्या उपकरणांसाठी, त्यात माइक लावून उपयोग नाही. मोटूच्या एम४चंही तसंच. चार माइक खरोखर लागतात अशांत बेहरिंगरचा यूएमसी४०४एचडी, ऑडियंटचा ईव्हीओ ८, प्रीसोनसचा स्टुडिओ ६८सी आणि मोटूचा एम६ येतात. पहिले दोन तुमच्या बजेटमध्ये शोधा. खोक्यावर किंवा कंपनीच्या पानावर "माइक प्रीअ‍ॅम्प" (माइकचा मंद आवाज वाढवणारे भाग) किती हे पाहायचं, एकूण इनपुट किती हे नव्हे.

डग्गा

मंद्रसप्तक यांना +१. तबलजी म्हणून माझी बाजू मांडतो, कारण घरगुती रेकॉर्डिंगमध्ये डग्गा नेहमी मार खातो.

तबल्याला दोन माइक द्या. एकच माइक मधोमध ठेवला की तबल्याच्या कडेची चाट टोचते आणि डग्ग्याची मींड ऐकूच येत नाही. चाटीचा नाद तीक्ष्ण आणि सरळ येतो. डग्ग्याचा घुमारा खालच्या पट्टीतला असतो आणि खोलीत पसरतो. दोन्हींची पातळी वेगवेगळी ठेवता आली पाहिजे. म्हणजे गळा एक, पेटी एक, तबला-डग्गा दोन, असे चार होतात. चारच माइकचा इंटरफेस घ्या असं का सांगतात ते यात आलं.

आणि ताई, बसायची रचना बदला. मैफलीत आपण श्रोत्यांकडे तोंड करून एका ओळीत बसतो, तबला गायकाच्या उजवीकडे, पेटी डावीकडे. घरी फक्त मुद्रण असेल तेव्हा साथीदारांना तुमच्या समोर बसवा, मध्ये पाच-सहा फूट जागा ठेवून. एसएम५८ हा कार्डिऑइड माइक आहे, समोरचं घेतो आणि बरोबर पाठीमागचं सर्वांत कमी घेतो. तुम्ही समोरासमोर बसलात की तुमच्या माइकची पाठ आपोआप तबल्याकडे होते. तबल्याचे माइकही तबलजीच्या पुढून तबल्याकडे वळवलेले असतात, त्यांची पाठ तुमच्याकडे येते. दोन्हीकडची गळती कमी होते. शिवाय समोर बसल्याने नजरानजर होते आणि सम बरोबर येते, तो फायदा वेगळाच.

दोन माइकमधलं अंतर हे माइक आणि वाद्य यांच्यातल्या अंतराच्या निदान तिप्पट ठेवा. पेटीचा माइक पेटीपासून एक फुटावर असेल तर दुसरा माइक त्याच्यापासून तीन फूट तरी लांब हवा. नाहीतर एकच आवाज दोन माइकमध्ये थोड्या फरकाने पोहोचतो आणि एकत्र केल्यावर पोकळ लागतो. तबला आणि डग्ग्याचे दोन माइक मात्र जवळजवळच असणार, म्हणून ते वाद्यालाही अगदी जवळ ठेवायचे.

सिंहगड रोड

मध्येच विचारतो, माफ करा. मी विद्यार्थी आहे, गिटार आणि गाणं एवढंच. यूएमसी२२ घेऊ की स्कार्लेट सोलो?

मंद्रसप्तक

यूएमसी२२ हा १६ बिट, ४८ किलोहर्ट्झपर्यंतच जातो आणि विंडोजवर त्याला एएसआयओ४ऑल (आवाजाचा विलंब कमी करणारा बाहेरचा ड्रायव्हर) लावावं लागतं. थोडे पैसे साठवून यूएमसी२०२एचडी घेतलात तर २४ बिट मिळेल, स्वतःचा ड्रायव्हर मिळेल आणि गिटार-गळा दोन्हींना माइक लावता येईल. सोलोला माइक एकच लागतो, दुसरं इनपुट गिटारच्या जॅकसाठी आहे. तुमची गिटार साधी लाकडी, पिकअप नसलेली असेल तर सोलो नको.

२४ बिट कशाला, असं वाटेल. १६ बिटमध्ये सर्वांत मंद आणि सर्वांत मोठ्या आवाजात सैद्धांतिक अंतर ९६ डेसिबल, २४ बिटमध्ये १४४. एवढी जागा हाताशी असली की लेव्हल भीतभीत वर ठेवायची गरज उरत नाही. मोठ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवायचा आणि निवांत गायचं. सॅम्पलिंग (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते) मात्र ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ पुरे आहे. १९२ च्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

आजोळ पुणे

मी न्यू जर्सीहून पुण्यातल्या माझ्या गुरुजींकडे ऑनलाइन शिकते, म्हणून तारेच्या दुसऱ्या टोकाचं सांगते. सर्वांत जास्त त्रास तंबोऱ्याचा होतो. सुरू होतो, दोन-चार सेकंद ऐकू येतो आणि विरून जातो. गुरुजी थांबले की पुन्हा उगवतो. खूप दिवस वाटायचं की तंबोराच बिघडला आहे. खरं कारण झूममधलं नॉइज सप्रेशन. सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा किंवा एसी, असं समजून ते तो काढून टाकतं, आणि तंबोरा तर सतत एकसारखाच चालतो. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये "ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स" आहे, ते चालू करायचं. आत "हाय फिडेलिटी म्युझिक मोड" आहे, तेही. वर्ग सुरू झाला की पडद्याच्या कोपऱ्यात ते चालू आहे ना, हे दरवेळी बघावं लागतं. एको कॅन्सलेशन बंद करणार असाल तर तुम्ही स्वतः हेडफोन लावलाच पाहिजे, नाहीतर आमचाच आवाज आम्हाला परत येतो. इंटरफेस कितीही चांगला आणा, हे सेटिंग केलं नाही तर आमच्यापर्यंत तंबोरा पोहोचणार नाही.

काळी चार

आजोळ पुणे, तुमचे फार आभार. माझ्या शिष्याही "तंबोरा गेला" असंच सांगतात, आणि मी इकडे आवाज वाढवत बसते. आज रात्रीच सेटिंग बघते.

डग्गा, समोरासमोर बसायची कल्पना मनापासून पटली. मंद्रसप्तक, दोन शंका. चार माइकचा इंटरफेस घेतला तर झूमला चारही आवाज जातील का? आणि ऑनलाइन वर्गात शिष्येबरोबर एका तालात गाता येईल का? माझ्या ओळखीतले एकजण म्हणतात, चांगला इंटरफेस घेतला की विलंब जातो.

मंद्रसप्तक

दुसरी शंका आधी, कारण ती नुसती खरेदी करून सुटणार नाही. विलंब दोन ठिकाणी होतो. एक तुमच्या खोलीत: माइकपासून कॉम्प्युटर, तिथून परत कानात. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर (कॉम्प्युटर एका वेळी साठवून घेतो तेवढा आवाज) ठेवला तर एका दिशेला साधारण २.७ मिलिसेकंद, आणि जाऊन-येऊन, इतर प्रक्रिया धरून, सुमारे १० मिलिसेकंद. आवाज हवेतून मिलिसेकंदाला ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे हा विलंब साडेतीन मीटरवर बसलेल्या तबलजीइतका. तो आपल्याला चालतो. विंडोजवर त्यासाठी इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर हवा. आणि डायरेक्ट मॉनिटर चालू ठेवलात तर तुमचा आवाज कॉम्प्युटरकडे न जाता थेट कानात येतो, मग तेवढाही विलंब जाणवत नाही.

दुसरा विलंब इंटरनेटचा. पुणे ते न्यू जर्सी सरळ रेषेत साधारण साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे तार अगदी सरळ टाकली तरी एका दिशेला ६० मिलिसेकंदांच्या वर, आणि तुमच्या ठेक्यावर तिने गायलेलं तुमच्याकडे परत येईपर्यंत त्याच्या दुप्पट. प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त. कुठलाही इंटरफेस हे कमी करू शकत नाही. तालात म्हणून घ्यायचं असेल तर ठेका शिष्येच्या बाजूला वाजला पाहिजे, आणि तुम्ही हेडफोनमध्ये तिचं गाणं आणि तिचाच ठेका एकत्र ऐकायचा.

आता पहिली शंका. झूम बहुतेक वेळा पहिल्या दोनच इनपुटचा आवाज घेतं. म्हणून वर्गात गळा १ वर आणि तंबोरा २ वर लावा. पेटी तुम्ही स्वतः वाजवत असाल तर ती गळ्याच्या माइकमध्ये येतेच. तिन्ही वेगळे हवे असतील तर लूपबॅक (एकत्र केलेला आवाज पुन्हा इनपुट म्हणून कॉम्प्युटरला देण्याची सोय) असलेला इंटरफेस घ्या, ईव्हीओ ८ला आहे. त्याच्या सॉफ्टवेअर मिक्सरमध्ये सगळे आवाज एकत्र करायचे आणि झूमला माइक म्हणून तो लूपबॅक द्यायचा. त्या मिश्रणात झूमकडून येणारा आवाज मात्र घालू नका, नाहीतर शिष्येला स्वतःचं गाणं उशिरा परत ऐकू येतं.

फेडरवाला

हाच घोळ मिक्सरवाल्यांचाही कायम होतो. यूएसबीचा परतीचा चॅनेल मेनमध्ये उघडा राहिला की पलीकडे प्रतिध्वनी जातो. यामाहाच्या एजी०३ आणि एजी०६ ला त्यासाठी वेगळी कळच आहे: "लूपबॅक" वरून "इनपुट मिक्स" वर केली की फक्त तुमच्याकडचे आवाज जातात. फक्त वर्ग घ्यायचे असते तर मी डोळे झाकून एजी०६ सांगितला असता.

वेगळ्या ट्रॅकचा मुद्दा मला मान्य आहे. पण मिक्सर म्हटला की दोनच ट्रॅक, असं सरसकट म्हणू नये. झूम कंपनीचा (वर्गाच्या झूमशी हिचा संबंध नाही) लाइव्हट्रॅक एल-८ हा मिक्सर सगळे चॅनेल स्वतंत्रपणे एसडी कार्डवर उतरवतो, कॉम्प्युटर लागतच नाही, वीज गेली तर पेन्सिल सेलवरही चालतो. टास्कॅमचा मॉडेल १२ ही ट्रॅक वेगळे देतो. नोटपॅड १२एफएक्स यूएसबीवर चार वाटा देतो. एल-८ ताईंच्या बजेटच्या वर जाईल, पण घरी बैठक नेहमी होत असेल आणि लॅपटॉपवर भरवसा नसेल तर थांबून तो घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. बैठक एकदाच होते. मध्येच विंडोजचा अपडेट सुरू झाला तर तो मारवा परत मिळत नाही.

मंद्रसप्तक

हे मान्य. म्हणून लॅपटॉपवर मुद्रण करताना इंटरनेट बंद करायचं, ही माझ्याकडची पहिली पायरी असते.

तपकीर गल्ली

सगळे उपकरणांवर बोलत आहेत, मी तारांवर बोलतो. पुण्यातल्या घरांत सर्वांत जास्त तक्रार येते ती "घूं" अशा आवाजाची. तो आपल्या विजेचा ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतला आवाज.

शोधायची पद्धत सोपी आहे. लॅपटॉपचा चार्जर काढा. घूं थांबलं तर चार्जर आणि अर्थिंगचं प्रकरण आहे. लॅपटॉप, स्पीकर, तंबोरा, मिक्सर सगळं एकाच बोर्डावर, तीन पिनच्या चांगल्या एक्स्टेंशनवर घ्या. जुन्या इमारतींत, विशेषतः पेठांत, सॉकेटला तिसरं भोक असतं पण मागे अर्थची तारच नसते. इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. अर्थची पिन तोडून घूं घालवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. धातूचा माइक ओठाला लागलेला असताना शॉक बसू शकतो, हा जिवाशी खेळ आहे.

इन्व्हर्टर साध्या चौकोनी लहरींचा असेल तर वीज गेल्यावर करकर सुरू होते. शुद्ध साइन वेव्हचा असेल तर त्रास नाही. मुद्रण शक्यतो गुरुवारी ठेवू नका, देखभालीसाठी वीज बंद असण्याची शक्यता त्या दिवशी जास्त.

माइकला एक्सएलआर केबलच वापरा. स्पीकरला जाणारी तार बॅलन्स्ड घ्या, म्हणजे जॅकवर दोन काळ्या रेघा असलेली. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचं आउटपुट लाइन इनपुटला द्या आणि गेन (इनपुटचा आवाज वाढवणारी कळ) शून्यापासून वर आणा. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत हव्या त्या लांबीची केबल समोर सोल्डर करून मिळते. तयार दहा मीटरची घेऊन गुंडाळून ठेवण्यापेक्षा लागेल तेवढीच करून घ्या.

काळी चार

इतकं सविस्तर कुणी समजावलं नव्हतं. खोलीबद्दल विचारायचं राहिलं. माझी खोली दहा बाय बारा, खाली चकचकीत फरशी, एका बाजूला सरकती काचेची खिडकी. गणपतीच्या आधी जवळच ढोल-ताशा पथकाचा सराव असतो, तो संध्याकाळी खिडकीतून आत येतो. एसएम५८ बदलून कंडेन्सर (जास्त संवेदनशील प्रकारचा माइक) घ्यावा का? सगळे म्हणतात कंडेन्सरने आवाज खुलतो.

मंद्रसप्तक

या खोलीत आत्ता तरी कंडेन्सर नको. ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० घेतला तर तोच आवाज तो एसएम५८ पेक्षा साधारण १७ डेसिबल जोरात देतो, पण तुम्ही दूर बसून गाणार, आणि खोलीचा घुमारा, खिडकीबाहेरची रिक्षा, शेजारचा कुकर तितक्याच प्रेमाने आत घेतो. आधी खोली शांत करा. सतरंजीवर गादी, खिडकीला जाड पडदा, तुमच्या पाठीमागे भिंतीवर गोधडी किंवा रजई. कपड्यांचं कपाट त्याच खोलीत असेल तर दारं उघडी ठेवा. याला जवळजवळ खर्च नाही, आणि महागड्या प्रीअ‍ॅम्पने जो फरक पडत नाही तो याने पडतो.

मग माइकचं अंतर. अंतर दुप्पट केलं की थेट आवाज ६ डेसिबलने उतरतो, खोलीचा घुमारा मात्र तसाच राहतो. एसएम५८ तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला ठेवा, म्हणजे "प" आणि "भ" चा फुत्कार थेट बसत नाही. तार षड्जावर मान थोडी मागे घ्यायची सवय तुम्हाला असेलच. या माइकला गेन भरपूर लागतो, मंद आलापीला ५५ डेसिबलच्या आसपास. ईव्हीओ ८ हा ५८ डेसिबल देतो, म्हणजे वीतभर अंतरावर पुरेल. हातभर लांब बसून गायलात तर कमी पडेल आणि मागची खरखर वर येईल.

ढोलाबद्दल: काळी चार (पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी) हा तुमचा सूर असेल तर मध्य षड्ज साधारण २०८ हर्ट्झला, मंद्र पंचम १५६ च्या आसपास. म्हणजे गळ्याच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झचा लो कट लावला तर तुमच्या गाण्याला धक्का लागत नाही आणि खिडकीतून येणारी धडधड बरीच कमी होते. इंटरफेसवर कळ नसेल तर नंतर सॉफ्टवेअरमध्ये लावा. रीपर ६० दिवस विनामूल्य वापरून बघता येतं, ते पुरे आहे.

डग्गा

पण डग्ग्याच्या ट्रॅकवर तो लो कट लावू नका, हात जोडून सांगतो. घुमारा तिथेच असतो. पथकाचा सराव संध्याकाळी असतो, त्या महिना-दीड महिन्यात मुद्रण सकाळी ठेवा.

काळी चार

मग ठरलं. चार माइकचा, लूपबॅक असलेला इंटरफेस घेते, आणि माइकमध्ये आधी तबल्याची जोडी. पेटीला तोवर काय करू?

डग्गा

पेटीला घाई नाही. पेटीवाल्यांना तुमच्यापासून चार फुटांवर बसवा, तुमच्या माइकमध्ये ती हवी तेवढी येईल. पुढे माइक घ्याल तेव्हा भात्याच्या बाजूला लावू नका, हवेचा फुसफुसाट येतो. वरून, सुरांच्या पट्टीच्या थोडा पुढे, फूटभर उंचीवर. त्यासाठी आडवा दांडा असलेला बुटका स्टँड लागेल. उभा घेतलात तर खाली बसून वाजवणाऱ्याच्या तोंडासमोर येतो. तबल्यालाही तसेच दोन बुटके घ्या. माझ्याकडे एक जास्तीचा पडून आहे, कर्वेनगरला येऊन घेऊन जा.

तपकीर गल्ली

स्टँड घ्यायला जाल तेव्हा खोलीत माइक ते टेबल अंतर मोजून न्या. जमिनीवरून, भिंतीच्या कडेने, वीजेच्या वायरपासून लांब. तेवढ्या मापाच्या चार केबल एकदम करून घ्या, आणि प्रत्येकीला वेगळ्या रंगाची पट्टी चिकटवायला सांगा.